सारा की खंड? : न्यायमूर्ती रानडे यांचा शेतसाऱ्याविषयीचा विचार

नाशिक जिल्ह्यातील निफाड हे नाव आज द्राक्षे आणि कांदा यांच्याशी जोडले गेले आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा हा तालुका बागायतीसाठी प्रसिद्ध आहे. याच निफाड गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. समाजसुधारक, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु शेतकऱ्याने सरकारला काय द्यावे, किती द्यावे आणि कोणत्या नात्याने द्यावे, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्याची तीस वर्षे जो अभ्यास केला, त्याची ओळख त्या मानाने थोड्यांनाच आहे. गावाच्या जमाबंदीशी ज्यांचा नित्य संबंध येतो अशा तलाठ्यापासून पंचायत सदस्यापर्यंत सर्वांना हा अभ्यास आजही उपयोगी पडण्याजोगा आहे.

जन्मगाव आणि जडणघडण

रानडे यांचे वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेल्यामुळे महादेवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्याच प्रवेश परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये त्यांनी बी. ए. आणि १८६४ मध्ये एम. ए. ही पदवी मिळविली, तर १८६६ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले. काही काळ एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केल्यावर १८७१ मध्ये दुय्यम न्यायाधीश म्हणून ते पुण्यास आले.

पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका', हे तिचे चालक होते. जोशी यांची तळमळ आणि रानडे यांची अभ्यासू वृत्ती यांचा येथे मिलाफ झाला. सभेने दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी हाती घेतली आणि १८७३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी आकड्यांवर विसंबून न राहता गावोगावची माहिती गोळा करावी, तिची छाननी करावी आणि मगच सरकारदरबारी मागणी न्यावी, ही कामाची पद्धत या चौकशीने रूढ केली. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक सुरू झाल्यावर रानडे यांचे पुष्कळसे आर्थिक लेखन त्यातूनच प्रसिद्ध होत गेले.

दक्षिणेतील जमाबंदीची पार्श्वभूमी

रानडे यांचा विचार समजण्यासाठी त्या काळची जमाबंदी थोडक्यात पाहिली पाहिजे. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी दक्षिणेत रयतवारी पद्धत सुरू केली. जमीनदार मध्ये न ठेवता प्रत्येक खातेदाराशी सरकारने थेट व्यवहार करावा, हे तिचे तत्त्व. पुणे भागात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास पहिली मोजणी केली. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांच्या खंडसिद्धान्ताचा आधार घेऊन, लागवडीचा सर्व खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरेल त्यातील शेकडा ५५ भाग सरकारने घ्यावा, असे त्याने ठरविले. कागदावर हे गणित नेटके होते. प्रत्यक्षात खर्चाचे आणि उत्पन्नाचे अंदाज चुकले, सारा जड झाला आणि अनेक ठिकाणी जमिनी पडीत पडल्या.

ही चूक सुधारण्यासाठी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबात न शिरता जमिनीची खोली, पोत, रंग आणि दोष पाहून तिची प्रत लावावयाची, ही त्यांची रीत होती. उत्तम जमीन सोळा आण्यांची आणि अगदी हलकी दोन आण्यांची, अशा नऊ प्रती त्यांनी पाडल्या. त्यावरून ठरणारा आकार तीस वर्षे बदलावयाचा नाही, असे आश्वासन देण्यात आले. दर हलके असल्याने पडीत जमिनी लागवडीस आल्या. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली.

तीस वर्षांची मुदत इंदापुरात १८६६-६७ मध्ये संपली. मधल्या काळात अमेरिकेत १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले होते. तेथील कापूस बंद झाल्याने हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्यासोबत धान्याचे भावही चढले. रेल्वेही याच काळात दक्षिणेत पसरत होती. या तेजीच्या भावांवर नजर ठेवून फेरआकारणी झाली आणि इंदापूर तालुक्याचा सारा सुमारे निम्म्याने वाढला. युद्ध संपले, भाव उतरले, पण वाढलेला आकार खातेवहीत कायम राहिला. पुढे तो सरकारलाच काही अंशी कमी करावा लागला. १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीला मर्यादाही घातली. तालुक्यात किंवा गावांच्या एका गटात शेकडा ३३, एका गावात शेकडा ६६ आणि एका खात्यावर शेकडा १०० यांहून अधिक वाढ करू नये, असा तो निर्णय होता. एखाद्या खात्याचा सारा दुप्पट होऊ नये एवढ्यासाठी नियम करावा लागला, यावरूनच फेरआकारणीचा भार कसा पडत होता हे ध्यानात येते.

पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडून कर्जाची खते जाळली. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. १८७६ ते १८७८ या वर्षांत भीषण दुष्काळ पडला. सावकारी, सारा आणि अवर्षण हे तिन्ही फास एकाच वेळी आवळले गेले.

सारा की खंड?

सरकारी दृष्टी अशी होती की जमिनीचा अंतिम मालक सरकार आहे आणि शेतकरी देतो तो कर नसून जमीन वापरल्याबद्दलचा खंड आहे. शब्दांचा हा भेद वरवर किरकोळ वाटतो, पण त्यातून निघणारे परिणाम फार वेगळे आहेत. कर असेल तर तो देणाऱ्याच्या ऐपतीचा विचार करावा लागतो, त्याला मर्यादा असते आणि तो का वाढविला याचा जाब विचारता येतो. खंड म्हटला की जमिनीचे मोल वाढेल तसतसा तो वाढविण्याचा मालकाला हक्कच पोहोचतो, त्याला कारण सांगण्याची गरज राहत नाही.

रानडे आणि सार्वजनिक सभा यांचा मुख्य आक्षेप येथेच होता. दक्षिणेतील शेतकरी पिढ्यान् पिढ्या जमीन कसत आला, ती विकत आला, गहाण ठेवत आला, वारसांना देत आला. त्याची मालकी सरकारने नव्याने बहाल केलेली नव्हती. शिवाय रिकार्डोचा सिद्धान्त इंग्लंडच्या परिस्थितीवर बेतलेला होता. तेथे भांडवल घालणारा मोठा शेतकरी, मजुरी करणारा मजूर आणि खंड घेणारा जमीनदार असे तीन वेगळे वर्ग होते, म्हणून खंड वेगळा काढून दाखविता येत असे. दक्षिणेत नांगर धरणारा, बैल पोसणारा आणि सारा भरणारा माणूस एकच. अशा ठिकाणी 'खंड' म्हणून जे घेतले जाते त्यात त्याच्या मजुरीचा आणि भांडवलावरील व्याजाचा भागही नकळत ओढला जातो.

याच सुमारास अमेरिकेत हेन्री जॉर्ज यांचा 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचा खंड हा समाजाच्या प्रगतीमुळे वाढतो, म्हणून तो कररूपाने समाजाने घ्यावा आणि माणसाच्या श्रमावरील व सुधारणेवरील कर काढून टाकावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्यासमोर जमीन अडवून ठेवून तिचे मोल वाढण्याची वाट पाहणारा मालक होता. रानडे यांच्यासमोर मात्र आठ-दहा एकरांचा धनी होता आणि 'खंड' घेणारे सरकार तेथे आधीच उभे होते. श्रमाचे फळ श्रमणाऱ्याकडे राहावे, हा दोघांच्या विचारांतील समान धागा होय. मात्र एकाच नावाची करपद्धती दोन देशांत दोन परिणाम घडवू शकते, हे या तुलनेवरून दिसते.

निश्चिततेची मागणी

खासगी भांडवलातून केलेल्या सुधारणेवर, उदाहरणार्थ स्वखर्चाने खोदलेल्या विहिरीवर, फेरआकारणीत सारा वाढवू नये, अशी तरतूद १८६५ च्या कायद्यात होती. पण धान्याचे भाव, रेल्वेची सोय, बाजाराचे सान्निध्य या सर्वसाधारण कारणांनी आकार वाढविता येत असे. सुधारणेचे मोल कोणते आणि सर्वसाधारण वाढ कोणती, हे शेतकऱ्याला कळण्यास मार्ग नव्हता. मुदत संपत आली की जमिनीत पैसा घालण्याचा उत्साह मावळणे अशा स्थितीत स्वाभाविकच होते.

यावर रानडे यांनी सुचविलेला उपाय असा : आकार कायमचा ठरवावा, पण बंगालप्रमाणे जमीनदाराशी नव्हे, तर प्रत्यक्ष खातेदाराशी. हा आकार रुपयांत न ठरविता धान्याच्या मापात ठरवावा आणि त्याचे रोख मूल्य वीस-तीस वर्षांनी त्या काळातील सरासरी भावांवरून निश्चित करावे. म्हणजे शेतकऱ्याचा वाटा स्थिर राहील, आणि भाव वाढल्यास सरकारचेही नुकसान होणार नाही.

यामागील हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका खात्याचा आकार २० रुपये आहे. बाजरीचा भाव मणाला दोन रुपये असेल, तर शेतकरी दहा मण विकून सारा भागवितो. भाव एक रुपयावर आला, तर त्याच साऱ्यासाठी त्याला वीस मण विकावे लागतात. शेतात पिकले मात्र तेवढेच. हे जादा दहा मण घरच्या कणगीतून निघतात आणि पुढे पेरणीच्या वेळी तेच धान्य सावकाराकडून वाढीदिढीने आणावे लागते. साऱ्याचा आकडा बदलला नाही, तरी त्याचे ओझे दुप्पट झाले. साऱ्याचा आणि कर्जाचा संबंध असा आहे. हप्त्याची तारीख ठरलेली असते, पीक मात्र तारखेवर येत नाही, आणि या दोहोंमधील अंतर सावकार भरून काढतो.

नाशिक आणि धुळे

१८७८ मध्ये रानडे यांची नाशिक येथे बदली झाली. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. जन्मजिल्ह्यातील हे वास्तव्य अल्पकाळ टिकले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार धास्तावले होते. शेतकऱ्यांच्या हलाखीवर सातत्याने लिहिणाऱ्या पुण्यातील मंडळींविषयी संशय बळावला आणि रानडे यांना धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांचे टपाल उघडून पाहिले जात असे, अशी आठवण त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी लिहून ठेवली आहे.

सरकारी न्यायाधीशाने सरकारच्या महसूल धोरणावर टीका करावी, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. रानडे यांनी नोकरी सोडली नाही आणि लेखनही सोडले नाही. त्यांच्या लेखनातील संयत भाषा, आकडेवारीचा आधार आणि सरकारच्याच कागदपत्रांतून दिलेले दाखले यांचा उगम या अडचणीच्या स्थितीतही शोधता येईल. संशय कालांतराने निवळला. १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला होता. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्याच्या अंमलबजावणीचे काम १८८१ पासून रानडे यांच्याकडे आले आणि १८८७ मध्ये ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले.

या कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. हप्ते बांधून देता येऊ लागले आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. दुय्यम न्यायालयांच्या तपासणीसाठी रानडे यांना दौरे करावे लागत. अहवालांतून आणि ग्रंथांतून अभ्यासलेला शेतकरी येथे त्यांच्यासमोर वादी किंवा प्रतिवादी म्हणून उभा राहत होता.

पतपुरवठ्याचा प्रश्न

सावकाराला कायद्याने आळा घातला, तर शेतकऱ्याने पैसा आणावा कोठून? केवळ निर्बंधाने हा प्रश्न सुटत नाही, हे रानडे यांनी ओळखले होते. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना तयार केली, तेव्हा रानडे यांनी तिला पाठिंबा दिला. जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत, बँकेने माफक व्याजाने पैसा द्यावा आणि वसुलीसाठी सरकारी यंत्रणेने साहाय्य करावे, अशी ती योजना होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल असूनही लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. जमीनसुधारणा कर्जाचा १८८३ चा आणि शेतकरी कर्जाचा १८८४ चा असे दोन तगाई कायदे झाले, पण त्यांची व्याप्ती तोकडी राहिली.

१८९१ मध्ये लिहिलेल्या निबंधात रानडे यांनी युरोपातील निरनिराळ्या देशांच्या जमीनतारण बँकांचा आढावा घेतला. देशात पैसा अगदीच नाही असे नाही. तो एके ठिकाणी निष्क्रिय पडून आहे आणि शेतीपर्यंत पोहोचण्याची वाट नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ मध्ये झाला, तो पाहण्यास ते हयात नव्हते.

विचारांच्या मर्यादा

रानडे यांच्या भूमिकेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रशियातील भूमिसुधारणा आणि बंगालचे कूळविधेयक यांवर १८८३ मध्ये लिहिताना त्यांनी कुळांना मोबदला देऊन पूर्ण मालकी मिळवू देण्याचा प्रशियन मार्ग पसंत केला. एकाच जमिनीवर जमीनदार आणि कूळ या दोघांचे अर्धेमुर्धे हक्क ठेवण्यास त्यांचा विरोध होता. मात्र सगळी जमीन लहान शेतकऱ्यांकडेच असावी, असेही त्यांना वाटत नव्हते. लहान खातेदारांबरोबर भांडवल आणि विद्या असलेले मोठे जमीनधारकही गावात हवेत, असे त्यांचे मत होते. जमीन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाण्यास सरसकट बंदी घालणे त्यांना मान्य नव्हते. गहाण पडलेल्या जमिनीचा मूळ धनी मजूर होतो तेव्हा काय होते, या प्रश्नाला या मांडणीत पुरेसे उत्तर नाही.

महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथही १८८३ मधलाच. त्यात शेतकऱ्याची नाडणूक केवळ साऱ्याच्या दरात नव्हे, तर कचेरीतील कामगारांच्या वागणुकीत आणि जातिव्यवस्थेत दाखविली आहे. रानडे यांचा अभ्यास आकाराच्या तत्त्वापासून सुरू होतो, तर फुले यांचा खाते भरणाऱ्या माणसापासून. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्या काळच्या शेतकऱ्याचे चित्र पुरे होत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्याने रानडे यांच्या मिश्र ग्रामरचनेपेक्षा वेगळा मार्ग धरला. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्या कुळाला मालक मानले. तथापि कुळाने जमिनीची किंमत हप्त्यांनी द्यावी आणि मालकी निर्वेध व्हावी, या तरतुदीत मोबदल्याच्या मार्गाने पूर्ण मालकी, हे रानडे यांनी पुरस्कारलेले तत्त्व दिसते.

आजच्या संदर्भात

रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्याआधी १८९२ मध्ये पुण्यातील डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या विचाराचे सार मांडले होते. अर्थशास्त्राचे नियम देश, काळ आणि समाजस्थिती पाहून लावावे लागतात, हे ते सार. उद्योगधंदे बुडाल्याने सारा भार शेतीवर पडत आहे आणि तो हलका करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, हेही ते आग्रहाने सांगत. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, १६ जानेवारी १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने जमीन महसुलाविषयीचा प्रसिद्ध ठराव काढला. टीकाकारांचे मुख्य आक्षेप त्यात फेटाळले गेले, पण मोठी वाढ टप्प्याटप्प्याने लागू करावी आणि वसुलीत हंगाम पाहून लवचीकपणा ठेवावा, हे मान्य करण्यात आले.

आज महाराष्ट्रात १९६६ ची जमीन महसूल संहिता लागू आहे. उत्पन्नाच्या मानाने शेतसारा आता नाममात्र राहिला आहे. मात्र त्याभोवतीचे प्रश्न संपलेले नाहीत. विंगेटची आणेवारी जमिनीची प्रत सांगत असे, तर आजची पैसेवारी त्या वर्षीच्या पिकाची स्थिती सांगते. ती पन्नास पैशांच्या आत आली की महसुलातील सूट, तहकुबी आणि इतर सवलतींचा विचार होतो. ठरलेल्या आकाराला हंगामाची जोड देणारी ही व्यवस्था म्हणजे शंभराहून अधिक वर्षांच्या वादातून मिळालेला धडा आहे. म्हणून पीकपाहणी चावडीत बसून न करता बांधावर जाऊन करणे, ही केवळ नियमाची बाब नाही. कागदावरील एका आकड्यावर एखाद्या घरचे वर्ष अवलंबून असते.

निफाड तालुक्यातील लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढतो आणि कोसळतो, तेव्हा बाजरीच्या त्या जादा दहा मणांचा हिशेब पुन्हा समोर येतो. देणे ठरलेले आणि भाव अस्थिर, ही शेतकऱ्याची अडचण तीच आहे. साऱ्याच्या जागी आता बँकेचा हप्ता किंवा वीजबिल आले आहे, एवढाच फरक. शेतकऱ्याकडून जे घ्यावयाचे ते आधी कळणारे असावे, त्याने केलेल्या सुधारणेला शिक्षा करणारे नसावे आणि वाईट वर्षी थांबणारे असावे. निफाडच्या या सुपुत्राने घालून दिलेली ही कसोटी कोणत्याही नव्या उपकराला, शुल्काला किंवा कर्जयोजनेला लावून पाहता येते. ती लावून पाहण्याचे काम मात्र गावपातळीवर बसणाऱ्यांचे आहे.